मॅरेथॉन पळून मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी पैसे उभे करायचेत? मग समोरच्याला नेमकं काय सांगणार?



जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा व्हिडिओ बारा मिनिटांत उरकावा लागला, आणि त्यातला अर्धा वेळ बुटांवर आणि खजुरावर गेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा खरा प्रश्न वेगळाच होता. "दादा, मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी पैसे मागितले म्हणजे नक्की कशासाठी मागितले? आणि लोकांनी दिले कसे?" म्हणून हा लेख. पळायचं कसं हे यात नाही, त्यासाठी कोच आहेत. मी साताऱ्याच्या बाजारपेठेत भांडी आणि घरगुती सामान विकणारा माणूस. मला विकणं आणि हिशोब ठेवणं एवढंच नीट जमतं, आणि हे काम बरंचसं तेच आहे.

आधी सिस्टिम समजून घेऊ. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पळणारा स्वतःच्या दमावर पळतो आणि ओळखीच्या लोकांना सांगतो, "मी हे अंतर पळतोय, तुम्ही त्या निमित्ताने अमुक संस्थेला पैसे द्या." हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर लंडनमध्ये चालतं. लंडन मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली आणि तेव्हापासून तिच्या पळणाऱ्यांनी वेगवेगळ्या संस्थांसाठी जमवलेली रक्कम १ अब्ज पौंडांच्या पुढे गेली आहे. २०१७ साली तिथे वर्षाची मुख्य संस्था म्हणून 'हेड्स टुगेदर' ही मानसिक आरोग्याची मोहीम निवडली होती. एमक्यू नावाची तिथली एक संस्था तर फक्त मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठीच पैसे उभे करते, आणि तिच्यासाठी पळणारे लोक दरवर्षी असतात.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता जानेवारीत होते. तिची देणगीची बाजू युनायटेड वे मुंबई सांभाळते. संस्था त्यांच्याकडे नोंदणी करते, पळणारा त्या संस्थेच्या नावाने आपलं पान उघडतो, आणि पैसे तुमच्या हातात न येता संस्थेकडे जातात. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. तुमची संस्था त्या यादीत नसेल तरी अडत नाही. साधी एंट्री घ्या आणि लोकांना थेट संस्थेच्या खात्याची माहिती द्या. अगदी आपल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनलाही हे करता येतं.

माल दिसत नाही, तो विकायचा कसा?

शाळेच्या दप्तरासाठी पैसे मागणं सोपं आहे. दप्तर दिसतं, पोराचा फोटो दिसतो. ऑपरेशनसाठी मागणं त्याहून सोपं. संशोधनाचं काय दाखवणार? त्यात मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्या बाजारात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "वेड्यांच्या हॉस्पिटलला का?" आणि दुसरी जरा शहाणी असते: "अरे, आधी लोकांना डॉक्टर आणि गोळ्या तरी मिळू द्या. संशोधन नंतर करू."

ही दुसरी हरकत हसण्यावारी नेऊ नका, कारण ती बरोबर वाटते. मला तिचं उत्तर गोव्यात सापडलं.

आधी परिस्थिती किती अवघड आहे ते बघा. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यांत केलं, त्यात महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवा. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ एक लाख लोकसंख्येमागे एकही पुरता नव्हता. आता धंद्याच्या डोक्याने विचार करा. उद्यापासून डॉक्टर दुप्पट झाले तरी गिऱ्हाईक आणि काउंटरचं गणित जुळत नाही. मग प्रश्न असा होतो की हे काम डॉक्टरशिवाय आणखी कोण नीट करू शकेल?

पर्वरीच्या 'संगत' या संस्थेने नेमकं हेच तपासलं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेली ही संस्था. मानसिक आरोग्याचं कसलंही आधीचं शिक्षण नसलेली साधी माणसं घेतली, त्यांना समुपदेशनाची एक ठरावीक पद्धत शिकवली, आणि गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णाबरोबर सहा ते आठ बैठका. त्यात तत्त्वज्ञान फारसं नव्हतं. माणूस नैराश्यात काय काय करायचं सोडून देतो ते बघायचं, आणि त्यातली छोटी छोटी कामं पुन्हा त्याच्या दिवसात आणायची, अडचण आली की ती सोडवायला मदत करायची.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानदाराला ही समजावता येते. समजा ऑक्टोबरमध्ये तुम्ही बोर्ड बदलला आणि सेल दीडपट झाला. बोर्डामुळे झाला की दिवाळीमुळे? फक्त तुमच्या दुकानाकडे बघून हे कधीच कळणार नाही. बोर्ड न बदललेली तशीच दुकानं शेजारी ठेवून बघावी लागतील. गोव्यात तेच केलं. ४९५ रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्य केंद्राची नेहमीची, जरा सुधारलेली सेवा दिली. दुसऱ्याला ती सेवा आणि वर हे समुपदेशन. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात ३९ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली हे छापून आलं.

त्या ३९ आकड्याकडे बघा जरा. समुपदेशन नसतानाही इतके लोक सावरले. म्हणजे तुलनेचा गट नसता तर कुणीही छाती फुगवून म्हणाला असता, "आमच्या पद्धतीने शंभरातले ६४ बरे होतात." आज यूट्यूबवर असं म्हणणारे कमी आहेत का? खरा फरक २५ टक्क्यांचा आहे, आणि तो खरा आहे हे आपल्याला माहीत आहे. संशोधनाला पैसे देणारा माणूस हेच विकत घेतो. पुढच्या हजार ठिकाणी पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत, याची माहिती.

आता 'आधी गोळ्या, मग संशोधन' म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं नसेल, तर आरोग्य केंद्रात शिकवून तयार केलेला माणूस चालतो की नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. सिद्ध झाल्याशिवाय सरकार पगार काढत नाही. आणि काढूही नये.

अजून एक गोष्ट मला टोचते. गोव्यातल्या त्या कामाला पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने दिला होता. एमक्यूलाही सुरुवातीचं भांडवल त्यांचंच. चांगलं केलं त्यांनी, तक्रार नाही. पण आपल्या माणसांच्या दुखण्यावरचं संशोधन आपल्या बाजारातल्या वर्गणीतून थोडं तरी व्हायला काय हरकत आहे? गणपतीची पावती आपण पाच मिनिटांत फाडतो.

आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर विदर्भ आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलायचे, गरज लागली तर पुढे पाठवायचे. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. पण इथे तुलनेची गावं नव्हती, आधीची पाहणी आणि नंतरची पाहणी एवढंच. म्हणजे दिवाळीचा प्रश्न इथे उरतोच. देणगीदाराला हे उदाहरण देताना तेही सांगा. ज्याला धंदा कळतो त्याला तुम्ही मालातली उणीव आपणहून सांगितलीत तर तो जास्त विश्वास ठेवतो.

मागायचं कुणाला आणि कुणाला नाही

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर टाकून पैसे येत नाहीत. अंगठे येतात. एकेकाला नावाने मेसेज करा, आणि शक्य असेल तर समोरासमोर बोला. पहिली देणगी तुमची स्वतःची असली पाहिजे, आणि ती लोकांना दिसली पाहिजे. दुसरी-तिसरी घरातल्यांकडून घ्या. रिकाम्या पेटीत पहिलं नाणं टाकायला कुणालाच आवडत नाही.

मी जे बोलायचो ते साधारण असं: "काका, मी जानेवारीत मुंबईला ४२ किलोमीटर पळतोय. मानसिक आजारावर कुठला उपचार खरंच लागू पडतो हे शोधणाऱ्या संस्थेसाठी पैसे जमवतोय. माझा पळण्याचा सगळा खर्च माझा. तुम्ही १,००० रुपये द्याल का? पैसे थेट संस्थेला जातात, पावती तुमच्या नावाने येते." आणि मग गप्प बसायचं. आकडा सांगून गप्प बसणं हे सेल्समध्ये सगळ्यात अवघड असतं, तुम्हाला माहीत आहे. 'जमेल तेवढं द्या' म्हटलं की समोरचा बिचारा हिशोबात पडतो. १०० दिले तर कमी दिसतील, ५०० दिले तर जास्त होतील, आणि त्या गोंधळात 'नंतर बघू' येतं.

"माझा खर्च माझा" हे वाक्य कधी विसरू नका. एंट्री फी, बूट, मुंबईचं तिकीट, राहणं, सगळं खिशातून. "पळायला पैसे कशाला लागतात रे?" हा प्रश्न येणारच. त्यात टोमणा असतो, पण प्रश्न रास्त आहे.

आता मागायचं कुणाला नाही. दुकानातल्या कामगारांना अजिबात नाही. मालकाला 'नाही' म्हणता येत नाही, मग ती देणगी राहत नाही. ज्याची तुमच्याकडे उधारी आहे त्यालाही नाही. कंपनीचा सेल्समन तुमच्या ऑर्डरसाठी दारात उभा असतो, त्याला तर मुळीच नाही. आपल्या लाइनमध्ये ओळख वापरणं आणि ओळख पिळणं यात फार थोडं अंतर असतं. उलट घाऊक व्यापारी, जुने वर्गमित्र, नियमित गिऱ्हाईक यांच्याकडे बिनधास्त जा.

भाषेचंही सांभाळा. 'मेंटल', 'वेडे', 'डोक्यावर परिणाम' हे शब्द मोहिमेत नकोत. आणि कुणाची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय सांगू नका, घरातल्या माणसाची तर नाहीच. "तुला स्वतःला काही त्रास होता का?" असं लोक तुम्हाला विचारतील. उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. कॅन्सरसाठी पैसे जमवणाऱ्याला कुणी रिपोर्ट मागत नाही.

काउंटरवर जे येतं

याबद्दल मला आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी काउंटरवर एक छोटी पाटी लावली होती: 'मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी पळतोय. विचारा.' खाली संस्थेचा क्यूआर कोड. दुकानाच्या क्यूआरपासून मुद्दाम लांब, दुसऱ्या रंगात. पैसे त्या पाटीवरून फार आले नाहीत. माणसं आली.

एक व्यापारी, वयाने माझ्यापेक्षा मोठे, दुपारच्या रिकाम्या वेळेला आले. स्टीलचा डबा हातात घेतला, परत ठेवला. पाटी वाचली. मग म्हणाले, "शेठ, झोप न लागणं यात येतं का?" चार महिने पहाटे तीनला जाग येत होती. दोन कर्जं, एक मोठी बुडालेली उधारी, आणि घरात कुणालाही पत्ता नाही. दुकान रोज वेळेवर उघडत होते. हसून बोलत होते. (त्यांना विचारूनच हे लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) मी त्यांना देणगीचा शब्दही काढला नाही. खुर्ची दिली, ऐकलं. मग दोघांनी मिळून १४४१६ ला फोन लावला.

हा नंबर तुमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. दोन दिवसांनी त्यांच्याबरोबर मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेलो. लाइनीत बसलो. त्यांना एकट्याने जायचं नव्हतं एवढंच होतं.

तुम्ही पाटी लावलीत तर तुमच्याकडेही कुणीतरी येईल, हे धरून चाला. तुम्ही समुपदेशक नाही. सल्ला देऊ नका. "चल माझ्याबरोबर पळायला, सगळं जाईल" हे तर अजिबात म्हणू नका. व्यायामाने मनाला मदत होते हे खरं आहे, पण चालू असलेल्या गोळ्या बंद करून बूट घालायला सांगणं धोक्याचं आहे. कुणी जीव नकोसा झाल्यासारखं बोललं तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. घरचं कुणीतरी बोलवा, फोन लावा, दवाखान्यात न्या. गिऱ्हाईक थांबलं तर थांबू दे.

पैशाची बाजू

इथे मी कडक आहे. एक रुपयाही स्वतःच्या किंवा दुकानाच्या खात्यात घेऊ नका, 'मी नंतर पाठवतो' म्हणून सुद्धा नाही. कुणी रोख दिलेच तर संस्थेची पावती त्याच दिवशी. आणि २,००० च्या वरच्या रोख देणगीवर टॅक्सची सवलत मिळत नाही हे आधीच सांगा. नव्या टॅक्स रिजीममध्ये असणाऱ्यांना ही सवलत मुळातच नाही, त्यामुळे "टॅक्स वाचेल" हे वाक्य सरसकट वापरू नका. आपले अर्धे व्यापारी नव्या रिजीममध्ये गेलेत, मार्चमध्ये सीएने वेगळं सांगितलं की शिव्या तुम्हाला बसतील.

परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं. भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ दुबईहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकांची देणगी परदेशी ठरते, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. संस्थेला आधी विचारा.

संस्थेला आणखी दोन गोष्टी विचारायच्या. आमचे पैसे फक्त संशोधनाला जातील हे लेखी देता का? आणि तुमचे आधीचे निष्कर्ष कुठे छापून आले आहेत? जी संस्था दुसऱ्या प्रश्नावर फोटोंचा अल्बम पाठवते ती सेवाकार्य चांगलं करत असेल, पण संशोधन करत नाही. १ लाख रुपयांत कुठलाही मोठा अभ्यास होत नाही, हेही मान्य करून चला. तुमचे पैसे त्यातल्या कशाला लागतील हे त्यांनाच विचारा, आणि ते उत्तर जसंच्या तसं देणगीदारांना सांगा.

पळण्याच्या दिवसाबद्दल एवढंच. लोकांना आधीच सांगून ठेवा की पैसे संशोधनासाठी आहेत, माझ्या टायमिंगसाठी नाहीत. पेडर रोडच्या चढावर पाय धरले आणि चालत यावं लागलं तरी कुणी पैसे परत मागत नाही. मी शेवटचे सहा किलोमीटर बरंचसं चाललोच. मेडल तेच मिळतं.

नंतरचं काम मात्र बरेच जण करत नाहीत. आठवड्याच्या आत प्रत्येकाला एकूण रक्कम कळवा, पावती मिळाली का ते विचारा. मग वर्षभराने संस्थेला फोन करून अभ्यास कुठवर आला ते विचारा आणि तेही कळवा. निकाल 'या उपचाराचा उपयोग झाला नाही' असा आला तर तोही तसाच पाठवायचा. मी यंदा पाठवलेला मेसेज असा होता, हवा तर कॉपी करा: "नमस्कार काका. तुमचे १,००० रुपये संस्थेला पोचले, पावती मेलवर आली असेल. अभ्यासासाठी माणसं घेणं अजून चालू आहे, निकालाला वेळ लागेल. आला की, चांगला असो वा वाईट, कळवतो."